‘मैदानावरचं ठीक आहे हो, पण नोकरीला कुठंय?’

ताई नमस्कार,

नाव छापू नका, पोरांचे पालक वाचतात. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अ‍ॅथलेटिक्स शिकवतो. वय ३१. स्वतः ८०० मीटर पळायचो, स्टेटपर्यंत गेलो, पुढं नाही जमलं. बी.पी.एड. झालंय. एका शाळेत तासिकेवर आहे, साताठ हजार पडतात, तेपण दोन-दोन महिने लेट. सकाळ-संध्याकाळ तालुका क्रीडा संकुलावर पोरं घेतो, सध्या ४६ आहेत. फी ३०० रुपये, पण देणारे वीसेक. बाकीच्यांना मागायची लाज वाटते, कुणाचे वडील गवंडी, कुणाची मेंढरं, कुणी भावकीतलंच.

गेल्या वर्षी माझ्याकडची एक मुलगी ६०० मीटरला निडजॅमला (ज्युनिअरच्या राष्ट्रीय आंतरजिल्हा स्पर्धेला) गेली. पेपरात बातमी आली, त्यात संस्थेचे अध्यक्ष, सचिव, मुख्याध्यापिका, क्रीडाशिक्षक सगळ्यांची नावं, ‘यांचे मार्गदर्शन लाभले’. माझं कुठंच नाही. आता ती मोठ्या शहरातल्या अकॅडमीत चाललीय.

घरी स्थळं येतात. मुलगा काय करतो विचारलं की आई सांगते कोच आहे, मग पुढचा प्रश्न, ते मैदानावरचं ठीक आहे हो, पण नोकरीला कुठंय? एका भरती अकॅडमीवाल्यानं २२ हजारांची ऑफर दिलीय, पोलीस भरतीची ग्राउंड बॅच, फुल टाइम, पण संध्याकाळची पोरं बंद करायची अट आहे. काय करू? कोचिंगला आपल्याकडं प्रोफेशन म्हणून मान्यता मिळणार का कधी, का मी वेळ घालवतोय?

— एक कोच, सातारा जिल्हा

अरे, आधी त्या २२ हजारांचं बोलू, कारण तो माणूस उत्तरासाठी थांबलेला असणार आणि मान्यता बिन्यता काय, ती वीस वर्षं थांबलीय, अजून दहा मिनिटं थांबेल.

ऑफर नाकारू नकोस, पण आहे तशी घेऊही नकोस. पोलीस भरतीचं ग्राउंड ५० मार्कांचं, पोरांना १६०० मीटरचे २०, शंभरचे १५, गोळ्याचे १५, पोरींना १६०० च्या जागी ८००. म्हणजे त्यातले २० मार्क तुझ्याच इव्हेंटचे नाहीतर त्याच्या शेजारचे. तुझ्यासारखा ८०० पळलेला, पोराला कधी पळवायचं आणि कधी बसवायचं हे कळणारा माणूस त्याला २२ हजारात मिळतोय यात त्याची चांदी आहे, तो तुझ्यावर उपकार करत नाहीये. बहुतेक भरती ग्राउंडवर काय चालतं ते तू माझ्यापेक्षा जास्त बघितलंय, रोज सकाळी १६०० फुल्ल दम मारायचं, टायमिंग घ्यायचं, उद्या परत तेच, परवा परत तेच, महिन्याभरात निम्म्या पोरांच्या नडग्या भरलेल्या आणि टायमिंग होतं तिथंच. तू आलास तर त्याचा रिझल्ट सुधारणारे आणि त्याच रिझल्टचा फ्लेक्स चौकात लावून तो पुढची बॅच भरणारे.

तर त्याला सांग, सकाळी साडेपाच ते साडेसात मी तुमचा, संध्याकाळ माझी. दोन तासांचे १४ हजार माग, बारावर आला तरी बघता येईल. पण पैसे महिन्यावर ठरव, बॅचवर नको. भरतीचं कसं असतं, जाहिरात निघाली की दोनशे पोरं आणि ग्राउंड संपलं की मैदानावर कुत्रं नसतं, आणि तेव्हा हाच माणूस तुला म्हणणार की सर, पुढच्या जाहिरातीला बघू. म्हणून ११ महिन्यांचा करार, पगाराची तारीख, बंद करायचं तर दोन्ही बाजूंनी एक महिना आधी सांगायचं, एवढं एका कागदावर आलं पाहिजे. आणि अजून एक ओळ टाक, की ग्राउंडच्या तोंडावर इंजेक्शनं आणि ‘स्टॅमिन्याच्या’ गोळ्या विकणारे जे फिरतात ते माझ्या बॅचजवळ चालणार नाहीत. हे मी नीतिमत्ता म्हणून सांगत नाहीये (तशीही सांगते). डोपिंगच्या नियमात खेळाडूबरोबर त्याचा कोचही येतो, २०२२ चा कायदाच आहे आता, आणि तुझी संध्याकाळची पोरं उद्या नॅशनलला जाणार असतील तर सकाळच्या बॅचची घाण तुझ्या नावाला लागायला नको.

तो नाहीच म्हणाला, संध्याकाळ सोडाच म्हणाला तर? तर स्वतःची सकाळची बॅच काढ. थोडा वेळ लागेल, पण तालुक्याला भरतीची पोरं कमी नाहीयेत.

आता मान्यता. ऐकून हसशील, पण भारत सरकारनं कोचला प्रोफेशनल म्हणून मान्यता कधीच दिलीय, २००८ साली, फक्त ती दिली इन्कम टॅक्सवाल्यांनी. सीबीडीटीचं, म्हणजे त्यांच्या केंद्रीय मंडळाचं नोटिफिकेशन आहे ऑगस्ट २००८ चं, त्यात खेळाडू, अंपायर, रेफरी, कोच, ट्रेनर, टीमचा फिजिओ, कॉमेंटेटर, अगदी खेळावर कॉलम लिहिणारे पण (म्हणजे मी पण आले), या सगळ्यांचं काम ‘प्रोफेशनल सर्व्हिस’ धरायचं आणि मर्यादेच्या वर पैसे दिले की १० टक्के टीडीएस कापायचा. म्हणजे कापायच्या वेळी आपण प्रोफेशनल आणि द्यायच्या वेळी ‘सर, तुमचं काम म्हणजे समाजकार्य आहे हो’.

बाकी ज्याला खरी मान्यता म्हणतात, म्हणजे एक रजिस्टर, त्यात नाव असल्याशिवाय कुणी कोच म्हणवून घ्यायचं नाही, चुकलास तर नाव कटणार, ते आपल्याकडं नाहीये. मैदानात तुझ्या शेजारी उभा राहणारा फिजिओ २०२१ च्या कायद्यात आला, अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा जो कायदा झाला त्यात. कोच नाही आला. उद्या सकाळी कुणीही गळ्यात शिट्टी अडकवून, ट्रॅकसूट घालून ‘अकॅडमी’ काढू शकतो आणि पालकांना तू आणि तो सारखेच दिसता. २०२५ मध्ये नॅशनल स्पोर्ट्स गव्हर्नन्स अ‍ॅक्ट आला, त्यावर खूप चर्चा झाली, पण त्याचा मुख्य भर फेडरेशन कशा चालवायच्या, बोर्ड, ट्रिब्युनल यावर आहे, तालुक्यातल्या कोचला त्यातून ओळखपत्र मिळणार नाही. त्यातल्या त्यात आपल्या खेळात एक गोष्ट झाली, अ‍ॅथलेटिक्स फेडरेशननं २०२५ मध्ये कोचेसची नोंदणी सक्तीची केली. डोपिंगला वैतागून केली असली तरी यादी ती यादी. तुझं नाव आहे का त्यात? नसेल तर हे वाचून झाल्यावर पहिलं जिल्हा असोसिएशनच्या सेक्रेटरींना फोन लाव.

हे असं का झालं यावर माझं एक मत आहे, पटलं तर घे. आपल्याकडं मोठमोठे कोच झाले पण त्यांची चूल बहुतेक वेळा दुसऱ्याच नोकरीवर पेटायची. सचिनच्या आचरेकर सरांची स्टंपवरच्या रुपयाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण सर स्टेट बँकेत नोकरीला होते हे कोण सांगतं? घरी पगार येत होता म्हणून शिवाजी पार्कवर संध्याकाळी उभं राहता आलं. तालमीतले वस्ताद तेच, घरची शेती, नाहीतर नोकरी, नाहीतर गावानं धरलेलं, आणि पोरांकडून पैसे घेणं म्हणजे पाप. द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ ला सुरू झाला, पहिल्याच वर्षी कुस्तीसाठी आपले भालचंद्र भागवत होते आणि अ‍ॅथलेटिक्ससाठी नांबियार सर. आता नांबियार बघ, हवाई दलातून आलेले, मग एनआयएस केलं (पटियालाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंगचा कोर्स), मग केरळ स्पोर्ट्स कौन्सिलचे कोच झाले आणि कण्णूरच्या मुलींच्या स्पोर्ट्स डिव्हिजनमध्ये पी. टी. उषा त्यांच्या हाताखाली आली. म्हणजे शाळकरी पोरींना पळवायला सरकारनं एक शिकलेला माणूस पगारावर ठेवला होता, सत्तरच्या दशकात! बाकी ठिकाणी आपण वस्तादांची पुण्याई धरून बसलो, की खरा कोच पैसे मागत नसतो. ज्याच्याकडं बँकेची नोकरी आहे त्यानं नाही मागितले तर तो मोठा माणूस. तुझ्याकडं तासिका आहे, दोन महिने लेट.

बरं, एवढ्यात सरकार येऊन तुला कोच म्हणून शिक्का मारेल असं मला वाटत नाही. पण डॉक्टर-वकिलांचं पण बघ, तिथं सगळं फक्त कायद्यानं नाही चालत, ते पावती देतात, फाइल ठेवतात, वेळ ठरवून देतात आणि नाही म्हणतात. यातलं कशालाच जीआर लागत नाही. तुझ्याकडं यातलं आज काहीच नाहीये (रागावू नकोस, पत्रावरून सांगतेय) आणि म्हणून शाळेला, अकॅडमीवाल्याला, पेपरवाल्याला तू दिसत नाहीस.

शिक्षणाचं आधी. बी.पी.एड. चांगलंच आहे, पण ते शाळेत पीटी टीचर व्हायला. कोच म्हणून कुठं अर्ज केलास तर पहिला प्रश्न येतो, एनआयएस झालंय का. पटियालाच्या मोतीबाग पॅलेसमध्ये १९६१ ला ती संस्था सुरू झाली तेव्हापासून आपल्याकडं कोचिंगचा कागद म्हणजे तोच. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पोरं हमखास घोळ घालतात. एक सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स आणि एक डिप्लोमा. सहा आठवड्यांचा करून आलेला पण गावात बोर्डावर ‘एनआयएस कोच’ लिहितो, पण साईच्या (केंद्राच्या क्रीडा प्राधिकरणाच्या) असिस्टंट कोचसारख्या भरतीला डिप्लोमा मागतात, तिथं सहा आठवड्यांचा चालत नाही. तुला मी सांगेन आधी सहा आठवड्यांचा कर, शाळेच्या सुट्टीत बसवता येतो का बघ, आणि त्याच्या बरोबरीनं फेडरेशनचे लेव्हलचे कोर्स लागले की नाव टाक, किड्स अ‍ॅथलेटिक्सचा तर नक्कीच, कारण तुझी पोरं त्याच वयाची आहेत. डिप्लोमा सरकारी कोचची नोकरी डोळ्यासमोर असेल तरच, आणि त्याआधी दोन-तीन जुन्या जाहिराती काढून वयाची अट नीट वाच. ३१ व्या वर्षी घरची मिळकत बंद करून वर्षभर बाहेर राहायचं आणि परत आल्यावर कळायचं की वय निघून गेलं, असं झालेली माणसं आहेत.

(जर्मनीत क्लबवर शिकवायचं तर सी, बी, ए अशी लायसन्सं असतात. सी म्हणजे तळातलं, १२० तासिकांचं, आणि चार वर्षांनी परत कोर्स करून रिन्यू करावं लागतं. आणि गंमत म्हणजे ते सी लायसन्सवाले बहुतेक फुल टाइम कोच नसतातच, कुणी सुतार, कुणी बँकेत, संध्याकाळी दोन दिवस मैदानावर, त्या छोट्या मानधनावर टॅक्स माफ. म्हणजे पोट कोचिंगवर नसलं तरी माणूस शिकलेला आणि नोंदलेला. आपल्याकडं नेमकं उलटं, पूर्ण पोट कोचिंगवर आणि नोंद कुठंच नाही. हे कंसातच राहू दे, पुढं जाते.)

आता फी, इथं मी जरा रेंगाळणार आहे कारण खरी गाठ इथं आहे.

४६ पोरं गुणिले ३०० म्हणजे कागदावर १३,८००, हातात येतात सहा हजार. फी ५०० कर. ३५ पोरांनी दिली आणि ११ सवलतीत ठेवली तर साडेसतरा हजार होतात. त्यात सकाळची बॅच १४ हजार, शाळेचे सात-साडेसात, बेरीज ३८-३९ हजार. म्हणजे तो माणूस तुला २२ देऊन संध्याकाळ बंद करायला सांगतोय ती संध्याकाळ नीट चालवलीस तर एकटीच साडेसतराची आहे. हे गणित तू कधी मांडलंच नसणार कारण मागायची लाज वाटते.

मग मागू नकोस ना. पैसे मागणारा आणि शिकवणारा एकच माणूस असला की लाज वाटणारच. पालकांमधला एक हिशेबी माणूस बघ, पतसंस्थेतला क्लार्क, शिक्षक, कुणाची आई बचत गट चालवत असेल तर सगळ्यात बेस्ट, त्यांच्याकडं रजिस्टर दे. क्यूआर कोड छापून संकुलाच्या ऑफिसच्या खिडकीला लाव. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात सगळ्या पालकांना बोलव, चहा पाज आणि एक पान हातात दे. त्या पानावर एवढंच, की आठवड्यातले कुठले दिवस, किती ते किती, वर्षातून सुट्ट्या कधी, फी किती आणि पाच तारखेपर्यंत, आजारी असला तर काय, तीन महिने आला नाही तर काय, आणि फी थकली तर पोराला मैदानातून परत पाठवणार नाही, पालकांना फोन येईल. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. मी एका शाळेच्या मैदानावर बघितलंय, फी राहिली म्हणून दहा-अकरा वर्षाच्या पोराला बाजूला बॅगांजवळ बसवलं होतं आणि बाकीची पळत होती, तो आपला बुटाची लेस सोडायचा परत बांधायचा, सोडायचा परत बांधायचा. तो पोरगा परत आला नाही मैदानावर. पैसे बापानं दिले नाहीत, शिक्षा पोराला.

सवलत द्यायचीच, मी नको म्हणतच नाहीये, पण ती तुझ्या लाजेवर चालू नको, नियमावर चालू दे. पालकांनी चार ओळी लिहून द्यायच्या, तू आणि दोन पालक मिळून ठरवायचं, कुणाला दिली ते बाहेर बोलायचं नाही. आणि त्या ११ पोरांची फी भरायला माणसं मिळतात, खरंच मिळतात, गणेश मंडळाला डीजेचे पैसे जमतात तर तीन पोरांची वर्षाची फी का नाही, पतसंस्था आहे, मेडिकलवाला आहे, गावातला मुंबईला गेलेला माणूस आहे. फक्त ‘मदत करा’ म्हणून जाऊ नकोस. एका पोराचे वर्षाचे सहा हजार, ही पावती, हा त्याचा वर्षाचा हजेरीचा आणि टायमिंगचा कागद, असं घेऊन जा.

आणि भावकी. पहिली पावती भावकीतल्या पोराच्या नावानं फाड. चुलता म्हणेल, आता घरातल्यांकडून पण घेणार का रे? हो म्हण आणि हस. तो चार दिवस बोलणार नाही, पण बाकी ४५ पालकांना कळेल की हा माणूस सिरीयस आहे.

एक राहिलं, संकुलावर तू कुठल्या परवानगीनं शिकवतोस? तोंडी असेल तर लेखी कर. संकुल समितीकडं अर्ज, वेळ, पोरांची संख्या, फी घेणार आहे हे स्पष्ट लिहून, मैदानाचं भाडं काय ते भरून पावती. सरकारी जागेवर विनापरवानगी फी घेतो अशी तक्रार करायला उद्या कुणीही उभा राहील, आणि तो तुझा स्पर्धक अकॅडमीवाला असू शकतो, विचार कर. तिथंच जिल्हा क्रीडा कार्यालयात खेलो इंडिया सेंटरची पण चौकशी कर, माजी खेळाडूला कोच म्हणून मानधन असतं त्यात, तुझी कामगिरी अटीत बसते का ते ते सांगतील.

आता बातमीचं दुःख. अरे, ती बातमी कशी बनते तुला माहितीये ना, शाळेतला एक जण फोटो आणि नावांची यादी पत्रकाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, अध्यक्षांपासून शिपायापर्यंत, आणि ती तशीच छापून येते. पत्रकारानं तुला मुद्दाम गाळलं नाही, तुझं नाव त्याच्यापर्यंत आलंच नाही. शालेय स्पर्धेची एन्ट्री पण शाळेकडूनच जाते, मुख्याध्यापकांची सही, क्रीडाशिक्षकाचं नाव, बाहेरच्या कोचला त्यात जागा नाही. म्हणून पुढच्या वेळी निकाल लागला की त्याच संध्याकाळी बातमी तू लिही, चार ओळी, फोटो, टायमिंग, मुलीचं नाव आधी, आई-वडिलांचं, शाळेचं पण घाल मनमोकळेपणानं, आणि शेवटी तुझं. शाळेच्या आधी पाठव, बस्.

पण पेपरपेक्षा रजिस्टरची काळजी कर. ती मुलगी तुझ्याकडं कधी आली, तेव्हा ६०० ला किती लागायचे, कधी काय करून घेतलं, कधी दुखलं, हे सगळं तारखेनिशी लिहिलेलं आहे का? द्रोणाचार्य असो, राज्याचा मार्गदर्शकांचा पुरस्कार असो, मेडलनंतर कोचला मिळणारी रोख रक्कम असो, सगळीकडं शेवटी प्रश्न येतो की याच खेळाडूला तुम्ही कधीपासून कधीपर्यंत शिकवलं, पुरावा द्या. केंद्राच्या रोख पुरस्कारात सुरुवातीला घडवणाऱ्या कोचचा पण हिस्सा ठेवलाय, कागदावर तरी. ती पोरगी आठ वर्षांनी कुठं पोचली तर पहिल्या कोचच्या नावापुढं दोन माणसं दावा करणारेत, लिहून ठेव.

आणि ती चाललीय तर नीट जाऊ दे. मोठ्या अकॅडमीच्या कोचला एक फाइल दे, वाढीचं वय आहे, उंची किती वाढली, गुडघा कधी दुखला, कुठलं वर्कआउट मानवतं, टायमिंग्ज. आईला विचारून पाळी सुरू झालीय का हे पण, कारण ट्रेनिंगला ते लागतं आणि नव्या ठिकाणी ती लाजून सांगणार नाही. फाइलबरोबर एक पत्र, ते मिळाल्याची सही घे. असली फाइल तिथल्या कोचनं आजवर बघितलेली नसेल, आणि पुढच्या वर्षी त्यांना सातारा जिल्ह्यातून पोरं हवी असतील तर फोन कुणाला जाईल सांग.

मुलींचं निघालंच आहे तर, बाई म्हणून हे स्पष्टच बोलते. २०२३ ला पैलवान मुली जंतरमंतरवर बसल्या तेव्हापासून पालक विचारत नसले तरी मनात प्रश्न असतो. पॉश कायद्यात (कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा) कामाच्या जागेच्या व्याख्येत स्टेडियम, क्रीडा संकुल, ट्रेनिंगची जागा हे नाव घेऊन लिहिलंय, आणि मैदानावरच्या लहान मुलांबाबत काही कळलं आणि तू गप्प बसलास तर पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, तो गुन्हा आहे. तुझ्या बाजूनं चार गोष्टी पक्क्या कर. मुलीला एकटीला मेसेज नाही, ग्रुपवर आणि त्यात आई किंवा वडील. मसाज-स्ट्रेचिंग बंद खोलीत नाही. स्पर्धेला एसटीनं जाताना आणि शाळेच्या वर्गखोल्यांत मुक्कामाला मुलींबरोबर एक बाई पाहिजेच, कुणाची आई, मावशी, तिचा खर्च एन्ट्री फीमध्येच धरायचा. ती मिळाली नाही तर मुली जाणार नाहीत, मेडल गेलं तर गेलं. हे सगळं त्या पालकांच्या पानावर छाप. तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्या अकॅडमीच्या पानावर हे नसेल, पैजेवर सांगते.

कोच लोकांचा अजून एक आजार आहे तो तुला पण असेल, की निडजॅमची एक पोरगी म्हणजेच आपलं काम. उरलेली ४५ काय करतात? अंडर-१४ ला फेडरेशननं ट्रायथलॉन (एकाच पोराला तीन वेगळे इव्हेंट) आणलं ते यासाठीच, की पोरगं बाराव्या वर्षी एकाच इव्हेंटला जुंपून पंधराव्या वर्षी संपवू नका. मला विचारशील तर दहा वर्षांच्या पोरांच्या कोचला मेडलवर मोजूच नये, तीन वर्षांपूर्वी आलेल्यांपैकी किती जण अजून येतात यावर मोजावं. पालकांना दाखवायला हा आकडा मेडलपेक्षा भारी पडतो, कारण मेडल एकाचंच पोरगं आणणार असतं.

आणि जमलं तर तालुक्यातले पाच-सहा जण एकदा बसा, कबड्डीवाला, खो-खोवाला, कराटेवाला, कुस्तीचा वस्ताद पण. संघटना, लेटरपॅड, अध्यक्ष यात पडू नका, अध्यक्ष कोण यावरच फुटाल. एवढंच ठरवा की अमुक रुपयांच्या खाली कुणी शिकवायचं नाही आणि एकमेकांची फी बुडवून आलेलं पोरगं विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. वस्ताद फी घेणार नाहीत, त्यांना घेऊ देऊ नका, पण मीटिंगला बोलवा. ते बसलेले असले की बाकीचे शब्द पाळतात.

राहिलं स्थळ. बाबा, ‘कोच आहे’ याच्यापुढं आईकडं सांगायला वाक्यच नाहीये, तिची काय चूक. या वर्षीपासून रिटर्न भर. अकॅडमीवाल्यानं टीडीएस कापला तर कटकट करू नकोस, पॅनवर दिसतो आणि तुझ्या मिळकतीत रिटर्न भरलं की परत येतो. दोन-तीन वर्षांची रिटर्न्स झाली की गाडीचं लोन पण होतं आणि आईला सांगता पण येतं की महिन्याला इतके पडतात, कागद आहेत, बघायचे तर बघा. तरी कुणी ‘पर्मनंट पाहिजे’ म्हणालं तर त्यांना पर्मनंटच पाहिजे, त्यांना पर्मनंट मिळू दे. रोज पहाटे पाचला मैदानावर जाणारा आणि स्पर्धा लागली की चार दिवस गायब होणारा माणूस चालेल का, हे मात्र तू स्वतः मुलीला विचार, आईमार्फत नको.

अकॅडमीवाल्याला भेटायच्या आधी कराराचा कच्चा मसुदा मला मेलवर टाक, कुठली ओळ घालायची राहिली ते बघून सांगते. आणि असोसिएशनला फोन, विसरू नकोस.

— ताई